झोपेतला दचका आणि घरातली भीती

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रविवारी सकाळी आम्ही दाढी करीत असताना वस्तीतील एक गृहस्थ दारात येऊन उभे राहिले. "जयभीम दादा. जरा विहारात येता का? दोन्हीकडची माणसं आलीत. समोरासमोर बसवायचंय." पंधरा-वीस वर्षे समाजकार्यात वावरल्यामुळे अशी बोलावणी आम्हांला नवीन नाहीत. दारू, पोटगी, सासू-सुनेचे भांडण, खोलीच्या भाड्याचा वाद अशी नाना प्रकरणे आम्ही ऐकली आहेत. पण त्या दिवशीची तक्रार आम्ही पहिल्यांदाच ऐकली. लग्नाला चार महिने झालेली मुलगी सासरच्यांनी माहेरी आणून सोडली होती. कारण काय, तर मुलगी झोपेत दचकते!

सासूबाई तावातावाने सांगत होत्या. "रोज रात्री डोळा लागला की हिचं अंग उसळतं. पाय झाडते, कधी ओरडून उठून बसते. फेफरं लपवून पोरगी आमच्या गळ्यात मारली." मुलीचे वडील म्हणत होते की आमच्या घरी असे कधी झाले नाही. तेवढ्यात मागे बसलेल्या एका नात्यातल्या बाई हळूच म्हणाल्या, "बाहेरचं काही असेल. एका बाबाकडे दाखवून बघा." १९५६ साली आपल्या आजी-आजोबांनी गंडेदोरे नदीत सोडले, पण ते अधूनमधून असे वाहत परत येतात. असो. मुलगी मात्र खाली मान घालून सतरंजीचा धागा ओढत बसली होती. तिला कोणी काही विचारलेच नव्हते.

आम्ही थोडा वेळ गप्प राहिलो, कारण आम्ही स्वतःही दचकतो.

तीन वर्षांपूर्वीच्या मार्चअखेरीची हकीकत आहे. आम्ही हिशेब विभागात कारकुनी करतो. ताळेबंद जुळत नव्हता, वरिष्ठांचा तगादा होता आणि घरी यायला रात्रीचे दहा वाजत. दिवसाकाठी सात-आठ कप चहा पोटात जात असे. एका रात्री पाठ टेकली, डोळा लागतो न लागतो तोच जिन्याची पायरी चुकावी तसे वाटले आणि सबंध अंग उसळले. छाती धडधडू लागली, अंगाला दरदरून घाम सुटला. आमच्या सहचारिणी उठून बसल्या. "अहो, काय झालं?" आम्ही म्हणालो, काही नाही, झोप तू. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. तिसऱ्या रात्री आम्ही अंथरुणावर पडून त्या दचक्याची वाटच पाहू लागलो. आता येईल, मग येईल. अशाने झोप कसली लागते! आणि जरा लागली की दचका हजर.

आमचे वडील झोपेतच हृदयविकाराने गेले. त्यामुळे मनाने एकच घेतले की आता आपली पाळी. पतपेढीचे कर्ज किती फिटले, विम्याचे कागद कुठल्या पिशवीत आहेत, धाकटीची दहावी अजून व्हायची आहे, हे सारे विचार रात्री दोन वाजता येत. कोणाला सांगायची सोय नव्हती. दुसऱ्यांना धीर देणारा माणूस स्वतः घाबरला हे लोकांना सांगायला लाज वाटते. तीन आठवडे असे काढल्यावर सहचारिणींनी हाताला धरून महापालिकेच्या दवाखान्यात नेले.

तेथील डॉक्टरबाईंनी इसीजी काढला, तो चांगला होता. रक्तदाब किंचित वाढलेला होता. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. दचका डोळा लागताना येतो की मध्यरात्री? आणि चहा किती घेता? मग म्हणाल्या, "तुमचं हृदय धडधडतं म्हणून तुम्ही दचकत नाही. दचकता म्हणून हृदय धडधडतं." तीन आठवड्यांची आमची भीती या एका उलटसुलट वाक्याने निम्मी झाली. उरलेली निम्मी कमी व्हायला मात्र आणखी महिना लागला, तेही खरे.

या दचक्याला डॉक्टर लोक हिप्निक जर्क म्हणतात. हिप्नॉस म्हणजे ग्रीक भाषेत झोप. माणूस जागेपणातून झोपेत उतरत असताना हातापायांचे, कधी सर्वांगाचे स्नायू एकाएकी आखडतात आणि लगेच सुटतात. कोणाला पडल्याचा भास होतो, कोणाला डोळ्यांपुढे लख्ख उजेड दिसतो, कोणाला मोठा आवाज ऐकू येतो, कोणाच्या तोंडून आरोळी निघते. शंभरातल्या साठ-सत्तर माणसांना आयुष्यात कधी ना कधी हा अनुभव येतो असे सांगितले जाते. अमेरिकेतील डॉक्टर सायलस वेअर मिचेल यांनी १८९० साली यावर लिहून ठेवले आहे. पुढे १९५९ साली ब्रिटनमधील झोपेचे संशोधक इयान ऑस्वल्ड यांनी मेंदूच्या विद्युतलहरींच्या नोंदी घेऊन या दचक्यांवर 'ब्रेन' या वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिला. आज झोपेच्या विकारांचे जे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण वापरले जाते, त्यात या दचक्याची नोंद निरोगी माणसांतही आढळणारा प्रकार अशीच आहे.

हे का होते? नेमके कारण शास्त्रज्ञांनाही पुरते उलगडलेले नाही. पण ढोबळ चित्र असे आहे. आपल्याला जागे ठेवणारी यंत्रणा मेंदूच्या बुंध्याशी असते आणि झोप आणणाऱ्या पेशी मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमस नावाच्या भागात असतात. झोप लागताना एकीकडून दुसरीकडे कारभार सोपवला जातो. आपल्या वाचकांपैकी अनेकांनी किंवा त्यांच्या वडिलांनी गिरणीत, कारखान्यात पाळ्या केल्या आहेत. पहिल्या पाळीचा कामगार अजून यंत्रावरून हटलेला नाही आणि दुसऱ्या पाळीच्याने येऊन खटका ओढला, तर यंत्राला हिसका बसेल की नाही? तसाच हा हिसका. माणूस जितका दमलेला, झोपेचा जितका भुकेला आणि मनातून जितका ताणलेला, तितकी ही पाळीबदल धसमुसळी होते. आपले पूर्वज झाडावर झोपत, तेव्हा पडू नये म्हणून ही सवय लागली असाही एक तर्क काहींनी मांडला आहे. ऐकायला गंमतीचा आहे, पण तो तर्कच.

लोकल गाडीत हे दृश्य आपण रोज पाहतो. खिडकीशी बसलेला माणूस पेंगतो, एकदम दचकतो, मांडीवरची डब्याची पिशवी खाली पडते, समोरचे हसतात, तोही ओशाळून हसतो आणि पुन्हा पेंगू लागतो. गाडीत त्याला कोणी फेफरे म्हणत नाही. तोच माणूस घरी अंधारात दचकला की मात्र घर घाबरते. तीच दचकणारी व्यक्ती नवी सून असली तर विचारूच नका.

त्या बैठकीत आम्ही हेच सांगून पाहिले, पण आमच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? आम्ही बी.कॉम. झालेले कारकून, डॉक्टर नव्हे. सासूबाई म्हणाल्याच, "दादा, तुम्ही भाषण करता ते ठीक आहे, पण हे काम डॉक्टरचं." आम्ही म्हणालो, अगदी बरोबर बोललात ताई, मग डॉक्टरकडेच जाऊ. मुलीला घेऊन तुम्ही चला, मुलगाही येऊ दे. कागद होईल तो सर्वांसमोर वाचू. तोवर मुलीला सोडचिठ्ठीची भाषा कोणी बोलायची नाही आणि कुठल्या बाबाकडेही न्यायचे नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला मारहाण करणे, चटके देणे हा महाराष्ट्रात २०१३ सालच्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हेही आम्ही त्या मागच्या बाईंकडे बघून जरा मोठ्याने सांगितले.

पुढच्या मंगळवारी रजा टाकून आम्ही त्यांच्याबरोबर सरकारी रुग्णालयात गेलो. मेंदूविकाराच्या ओपीडीत नंबर लागायला तीन तास लागले. बाकावर गर्दी होती. पहाटे उठून आलेल्या सासूबाईंना भिंतीला टेकल्या टेकल्या डुलकी लागली आणि दहाएक मिनिटांत त्या अशा काही दचकल्या की मांडीवरची केसपेपरची फाइल जमिनीवर! सुनेने ती उचलून दिली. कोणी काही बोलले नाही. आम्ही खिडकीबाहेर पाहू लागलो.

आत डॉक्टरांनी मुलीला विचारण्याआधी नवऱ्याला विचारले, कारण झोपणाऱ्याला काही दिसत नसते, पाहणाऱ्यालाच दिसते. दचका किती वेळ टिकतो? क्षणभरच. लगेच शुद्धीवर असते का, बोलते का? हो, लगेच उठते, रडते. जीभ चावली जाते का? नाही. झोपेत लघवी होते का? नाही. तोंडाला फेस, डोळे फिरणे? नाही. सकाळी उठल्यावर हातातून कप, कंगवा निसटतो का? नाही. या शेवटच्या प्रश्नाचे आम्हांला नवल वाटले, म्हणून आम्ही विचारले. किशोरवयात सुरू होणारा अपस्माराचा एक प्रकार असा असतो की सकाळी जाग आल्यावर हाताला हिसके बसून वस्तू पडतात. घरचे त्याला धांदरटपणा समजून ओरडतात आणि उपचार राहून जातात. वाचकांच्या घरी असे मूल असेल तर त्याला रागावण्याआधी डॉक्टरांना दाखवावे.

डॉक्टरांनी नवऱ्याला मोबाईलवर दचक्याचे चित्रण करून आणायला सांगितले. ही युक्ती चांगली आहे. पन्नास शब्दांत जे सांगता येत नाही ते दहा सेकंदांत दिसते. मेंदूचा आलेखही काढला, ज्याला ईईजी म्हणतात. तो स्वच्छ होता. पण डॉक्टर म्हणाले की एकट्या आलेखावर भरवसा ठेवायचा नसतो, हकीकत महत्त्वाची. पुढल्या खेपेला चित्रण पाहून त्यांनी सांगितले की हा साधा दचका आहे, फेफरे नाही, औषधही नको.

मग त्यांनी पहिल्यांदाच मुलीकडे वळून विचारले, "तू झोपतेस किती वाजता आणि उठतेस किती वाजता?"

त्या उत्तरात सारे होते. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसे. सासरे आणि दीर टीव्ही बंद करून झोपेपर्यंत साडेअकरा-बारा होत, त्यानंतर हिला अंथरूण पसरायला जागा मिळे. पहाटे चार वाजता नळाला पाणी. पाणी भरायचे काम नव्या सुनेचे. एक दिवस जाग आली नाही आणि घरात पाणी भरले गेले नाही, तेव्हापासून ती झोपेतही नळाचा आवाज ऐकत पडून राही. दिवसभर कपडे शिवण्याच्या कारखान्यात उभ्याने काम, तेथे चार वेळा चहा. पहिल्यांदा दचकली तेव्हा सासूबाईंनी दिवा लावून तिच्या तोंडाकडे पाहिले. दुसऱ्या दिवसापासून सगळे घर तिच्यावर लक्ष ठेवू लागले. मग तिने ठरवले की सगळे गाढ झोपेपर्यंत आपण डोळा मिटायचाच नाही. म्हणजे चार तासांची झोप तीनवर आली. जितकी झोप कमी, तितके दचके जास्त आणि जितके दचके जास्त, तितकी भीती मोठी. आमचे मार्चअखेरीला जे झाले तेच हिचे चार महिने चालले होते. फरक इतकाच की आम्हांला पाणी देणारे माणूस शेजारी होते.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. समजा त्या मुलीला खरोखरच अपस्मार असता, तरी तिला माहेरी आणून टाकण्याचा अधिकार कोणाला मिळाला नसता. हिंदू विवाह कायदा १९५५ बौद्धांनाही लागू आहे. त्यात पूर्वी वेडाबरोबर अपस्माराचे वारंवार येणारे झटकेही विवाहातील बाधा मानले जात. १९९९ साली कायद्यात दुरुस्ती होऊन अपस्मार हा शब्द काढून टाकण्यात आला. आता त्या कारणाने विवाह रद्द ठरत नाही. अपस्मार असलेल्या बहुतेकांचे झटके नियमित गोळ्यांनी आटोक्यात राहतात, आणि झटका आलेल्याला चप्पल किंवा कांदा हुंगवून काही होत नाही. त्याला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, आणि झटका पाच मिनिटांहून जास्त चालला तर तातडीने रुग्णालयात न्यावे.

हे लिहिल्यावर लोक आम्हांला विचारतील की दचका थांबायला काय करायचे. चहाचे आम्ही स्वानुभवाने सांगतो. पोटात गेलेल्या चहातले कॅफिन साधारण पाच तासांनी निम्मे अंगात शिल्लक असते. म्हणजे संध्याकाळी सहाचा कप रात्री अकरालाही थोडा जागाच असतो. आम्ही दुपारी चारनंतरचा चहा बंद केला. पहिले दोन दिवस डोके दुखले, मग सवय झाली. तंबाखूचेही तसेच. आपल्या आया-बहिणींपैकी पुष्कळजणी निजण्यापूर्वी मशेरी लावतात, काही तपकीर ओढतात. ती भाजलेली असली तरी तंबाखूच आहे आणि तंबाखूतले निकोटीन मेंदूला झोप आणत नाही, जागवते. "मशेरीशिवाय झोप येत नाही" असे त्या म्हणतात ते खोटे नाही, पण ते व्यसनाचे बोलणे आहे. दारूने डोळा लवकर लागतो आणि उत्तररात्री झोप मोडते. तरुण मुले रात्री उशिरा व्यायामशाळेत घाम गाळून थेट अंथरुणावर पडतात, त्यांनाही दचके जास्त येतात. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी दचके वाढू शकतात. तसे वाटले तर डॉक्टरांना सांगावे, गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

दचका आल्यावर घड्याळ पाहू नये, नाडी मोजत बसू नये. आम्ही दोन्ही केले आहे, म्हणून सांगतो. नाडी मोजायला बसले की ती वाढतेच. आमच्या दचक्यांना खरा उतार पडला तो श्वासाकडे लक्ष देऊन स्वस्थ पडून राहू लागल्यावर. विहारात आनापान शिकलो होतो, पण ते सकाळी मांडी घालूनच करायचे अशी आमची समजूत होती. निजताना कुशीवर पडूनही श्वास आत येतो, बाहेर जातो, तेवढे पाहता येते.

सर्वच दचके साधे नसतात, हेही ध्यानात ठेवावे. झोपेत मोठ्याने घोरणे, मध्येच श्वास थांबणे आणि गुदमरून उठणे, दिवसा पेंगणे हा वेगळा आजार आहे. अंथरुणावर पडल्यावर पायांत वळवळ होते आणि पाय हलवल्याशिवाय चैन पडत नाही, असे असेल तर रक्तातले लोह तपासावे. आपल्याकडच्या बायकांत रक्त कमी असण्याचे प्रमाण मोठे आहे. तान्ही बाळे गाढ झोपेत हातपाय झटकतात आणि उठवले की थांबतात, ते बहुधा निरुपद्रवी असते. पण जागे असताना किंवा झोपेतून उठल्या उठल्या बाळ पुन्हा पुन्हा पुढे वाकून हिसके देत असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. आणि दचक्यापेक्षा दचक्याची भीतीच रोज रात्री छातीवर बसत असेल, तर तीही डॉक्टरांना सांगण्याची गोष्ट आहे. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२ सालापासून सुरू आहे, त्यावर मराठीत बोलता येते.

पुन्हा बैठक बसली ती विहारातच. डॉक्टरांचा कागद आम्ही वाचून दाखवला. सासूबाईंनी माफी वगैरे काही मागितली नाही, आम्हीही ती अपेक्षा ठेवली नाही. त्या एवढेच म्हणाल्या, "आमच्या घरात पाण्याचं काम सगळ्यांनाच आहे." आम्ही हा धागा सोडला नाही. तिथल्या तिथे कागदावर पाण्याच्या पाळ्या लिहिल्या. सोमवार-मंगळवार दीर, बुधवार-गुरुवार नवरा, शुक्रवार-शनिवार सून, रविवारी सासरे. सासऱ्यांनी जरा तोंड वाकडे केले, पण सही केली. टीव्ही साडेदहाला बंद, हे कलम मुलीच्या वडिलांनी सुचवले. त्यावर मात्र बरीच घासाघीस होऊन शेवटी अकरावर तडजोड झाली.

गेल्या महिन्यात ती दोघे बाजारात भेटली. मुलीचा चेहरा भरला होता. दचके अजून येतात का, असे आम्ही विचारले. नवरा म्हणाला, "येतात दादा, कधी महिन्यातून एकदा-दोनदा. मी विचारतो, कुर्ला आलं का? ती म्हणते, नाही, अजून सायन. आणि झोपते."